घाटमाथ्यावरचा झीलकरी

आषाढांतील एखाद्या सायंकाळीं वलवणच्या धरणाकडून घाटाच्या दिशेनें दृष्टि टाकली, तर डोंगर दिसत नाहींत. दिसतो तो केवळ पांढरा, हलता पडदा. लोणावळें-खंडाळ्याच्या या माथ्यावर पडणारा पाऊस कित्येक वर्षीं ४,००० मिलिमीटरांची मर्यादा ओलांडून जातो. याच पावसाच्या भरंवशावर टाटांच्या जलविद्युत् कंपनीनें वलवण, लोणावळें व शिरवटें येथें तलाव बांधले, त्यांचें पाणी नळांवाटे पांचशें मीटरांहून अधिक खालीं कोंकणांत खोपोलीस उतरविलें, आणि १९१५ सालापासून तेथील वीज मुंबईस जाऊं लागली. वलवणचें पाणी कड्यावरून खालीं उतरलें. परंतु वलवणचा आवाज मात्र तितक्या सहजपणें खालीं उतरत नाहीं. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

वलवणहून खोपोली पक्ष्याच्या वाटेनें दहा किलोमीटरांच्या आंतबाहेर आहे. तरीही येथें उभ्या असलेल्या माणसाच्या हातांतील वॉकीटॉकी खोपोलीच्या माणसाशीं बोलूं शकत नाहीं. यंत्राची शक्ति कमी पडते असें नाहीं. मध्यें सह्याद्रीची कड आडवी येते. ज्या लहरींवर हीं यंत्रें चालतात, त्या प्रकाशाप्रमाणें बहुतेक सरळ रेषेंत जातात. दिवा डोंगराआड ठेवला म्हणजे तो कितीही मोठा केला तरी पलीकडील माणसास दिसत नाहीं. तसाच हा प्रकार आहे.

यावर कोणी सहज म्हणेल, कीं आज प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे, मग ही अडचण राहिली कोठें? ती राहिली आहे, आणि नेमकी नको त्या वेळीं ती पुढें येते. मोबाईलचा मनोरा विजेवर व तारेच्या दुव्यावर अवलंबून असतो. वीज गेली, बॅटरी संपली, दरड कोसळून केबल तुटली, कीं मनोरा उभा असूनही मुका होतो. पावसाळ्यांतील सुटीच्या दिवशीं तर माणसांची इतकी गर्दी लोटते, कीं धडधाकट मनोऱ्यासही ती पेलत नाहीं. शिवाय कड्याच्या खालच्या दऱ्यांत त्याची छाया पोहोंचतच नाहीं.

या घाटाच्या पायथ्याशीं, खालापूर तालुक्यांत, इरशाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं डोंगराचा कडा त्या वाडीवर कोसळला. वाडीपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता. मदतीस धांवलेल्या लोकांना अंधारांत आणि मुसळधार पावसांत पायींच चढावें लागलें, आणि मोठीं यंत्रें वर नेतां आलीं नाहींत. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें बेपत्ता राहिलीं असतां शोध थांबवावा लागला. अशा रात्रीं डोंगरावरच्या मंडळींस काय हवें आहे तें पायथ्याच्या मंडळींस कळणें, आणि किती माणसें कोणत्या वाटेनें निघालीं आहेत तें वर कळणें, याची किंमत निराळी सांगावयास नको. दोर हवा असतां खाद्यपदार्थ वर यावेत, आणि डोली हवी असतां आणखी बघे वर यावेत, असा घोटाळा केवळ निरोप न पोहोंचल्यामुळें होतो.

म्हणूनच हौशी बिनतारीवाले, ज्यांना लोक हॅम म्हणून ओळखतात, आपल्या छंदाला केवळ करमणूक मानीत नाहींत. १९९३ सालीं किल्लारीचा भूकंप झाला, २००१ सालीं भुजचा झाला. दोन्ही वेळीं तारा तुटल्या असतां या मंडळींनीं निरोप पोहोंचविण्याचें काम केलें. २००४ सालीं त्सुनामीची लाट अंदमानावर आदळली, तेव्हां भारती प्रसाद या हौशी महिला आपल्या यंत्रासह तेथें होत्या, आणि त्यांच्या आवाजानें कित्येक कुटुंबांस आपल्या माणसांची खबर मिळाली. परंतु दूर पल्ल्याच्या यंत्राचें शास्त्र वेगळें आणि डोंगराच्या दोन बाजूंस बोलण्याचें शास्त्र वेगळें. या दुसऱ्या कामासाठीं जें साधन लागतें, त्याला रिपीटर म्हणतात. मराठींत त्याला पुनःक्षेपक म्हणतां येईल.

कीर्तनास जाणाऱ्या श्रोत्यांना पुनःक्षेपकाची कल्पना चटकन् येईल. बुवांच्या मागें झीलकरी उभे असतात. बुवांनीं चरण म्हटला, कीं ते तोच चरण उचलून धरतात, आणि मंडपाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या म्हातारीसही तो ऐकूं येतो. झीलकरी आपल्या पदरचा शब्द घालीत नाहीं. ऐकलेला शब्द जसाच्या तसा, पण अधिक बळानें, पुढें देतो. पुनःक्षेपक हा डोंगरमाथ्यावर उभा केलेला झीलकरी होय. दरींतील दुबळा आवाज त्याच्या कानीं पडतो, आणि त्याच क्षणीं तो माथ्यावरून चोहोंकडे पसरतो. घाटाखालचा माणूस आणि घाटावरचा माणूस एकमेकांना पाहूं शकत नसले, तरी माथा दोघांनाही दिसतो. एवढ्यावरच सारें काम भागतें.

मात्र या उपमेंत एक उणीव आहे. झीलकरी बुवांचा चरण पुरा होईपर्यंत थांबतो. पुनःक्षेपक थांबत नाहीं. तो ऐकत असतांनाच बोलतो. आतां मनुष्य मोठ्यानें ओरडत असतांना त्याला शेजारचें कुजबुजणें ऐकूं येईल काय? नाहीं. यंत्राचेंही तसेंच आहे. म्हणून पुनःक्षेपक ऐकतो एका लहरीवर आणि बोलतो दुसऱ्या लहरीवर. भारतांत हौशी मंडळींना दोन मीटरांच्या सुमाराच्या लहरींचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोकळा आहे. त्या पट्ट्यांत ऐकण्याच्या व बोलण्याच्या लहरींत ६०० किलोहर्ट्झ अंतर ठेवण्याचा प्रघात आहे. हें अंतर ऐकावयास मोठें वाटलें, तरी १४५ मेगाहर्ट्झच्या मानानें तें शेंकडा अर्ध्याहूनही कमी आहे. सतारीच्या दोन तारा जवळजवळ एकाच स्वरांत लावाव्या आणि एक छेडली असतां दुसरी हलूं नये अशी अपेक्षा धरावी, तसें हें काम आहे.

अडचण किती मोठी आहे, तें आकड्यांनीं पाहूं. गाडींत बसवावयाच्या यंत्राची बोलण्याची शक्ति साधारण २५ वॅट असते. त्याच जातीचें यंत्र ऐकतांना एक पंचमांश मायक्रोव्होल्ट इतका क्षीण दाबही ओळखतें. या दोन शक्तींचें गुणोत्तर काढलें, तर तें तीनावर सोळा शून्यें एवढें येतें. भास्कराचार्यांच्या लीलावतींत संख्यांचीं जीं नांवें दिलीं आहेत, त्यांत यास ‘तीन मध्य’ म्हणावें लागेल. परार्धाच्या केवळ एक पायरी अलीकडे! इतका प्रचंड आवाज आणि इतकी बारीक कुजबूज एकाच खोलींत नांदवावयाची आहे.

ही अडचण जुनी आहे आणि तिचें एक जुनें उत्तर पुणें जिल्ह्यांतच सांपडतें. १९२७ सालीं हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामध्यें बीम पद्धतीचें बिनतारी दळणवळण सुरू झालें. त्याचें बोलणारें केंद्र पुण्याजवळ खडकीस होतें, आणि ऐकणारें केंद्र तेथून पाऊणशें किलोमीटरांच्या सुमारास दौंडला होतें. तोंड एका गांवीं आणि कान दुसऱ्या गांवीं, अशी ती रचना होती. आजही नारायणगांवाजवळ खोडद येथें जी विशाल रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या आसपास मानवी लहरींचा गोंगाट कमी राहील याची काळजी घ्यावी लागते. कारण तिचा कान आकाशांतील कुजबुजीकडे लागलेला असतो. परंतु डोंगरमाथ्यावर एक खोली आणि एक खांब मिळाला, तरी भाग्य समजावयाचें; तेथें खडकी आणि दौंड एकाच कपाटांत बसवावीं लागतात.

आतां प्रत्यक्ष उभारणी. कारखान्यांतून तयार मिळणारा पुनःक्षेपक महाग असतो. म्हणून जगभरच्या हौशी मंडळींनीं दुसरी वाट शोधली आहे. मोटारींत बसवावयाचीं, बोलणें व ऐकणें दोन्ही करणारीं दोन जुनीं यंत्रें घ्यावीं. एकाला कायमचा कान करावें, दुसऱ्याला कायमचें तोंड करावें, आणि मध्यें लहानशी नियंत्रक जोडणी ठेवावी. कानाच्या यंत्रावर आवाज आला, कीं त्याचें मौन उठतें. यंत्राच्या पाठीमागील खोबणींत त्याची खूण दाब बदलून मिळते. ती खूण एका ट्रान्झिस्टरला दिली, म्हणजे तो दुसऱ्या यंत्राचें बोलण्याचें बटण मिटतो. आवाजाची तार निराळी नेऊन मध्यें एक कमी-जास्त करण्याची कळ ठेवावी. आवाज फार दिला तर तो फाटतो, कमी दिला तर दूरच्यास कळत नाहीं. तिसरें यंत्र हातीं घेऊन, मूळचा आवाज व पुनःक्षेपिलेला आवाज सारखा वाटेपर्यंत ती कळ फिरवावी. याहून सोपी कसोटी नाहीं.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मोटारींतील यंत्र थोडें बोलण्यासाठीं आणि पुष्कळ ऐकण्यासाठीं घडविलेलें असतें. पुनःक्षेपकांत त्याला एकसारखें बोलावें लागतें. मग तें तापतें, आणि एके दिवशीं जळतें. म्हणून २५ वॅटांचें यंत्र १० वॅटांवरच चालवावें आणि त्याच्या पाठीवर पंखा बसवावा. शक्ति अडीचपट कमी झाली म्हणून पल्ला अडीचपट कमी होत नाहीं. या लहरींचा पल्ला मुख्यतः उंचीवर ठरतो. उंचीच्या मीटरांचें वर्गमूळ काढून त्याला चारांनीं गुणलें, कीं क्षितिजाचें अंतर किलोमीटरांत साधारण कळतें. आसपासच्या मुलुखाहून ४०० मीटर उंच असलेल्या जागेवरून, मध्यें दुसरा डोंगर नसेल तर, ८० किलोमीटरांपर्यंत नजर पोहोंचते. शंभर वॅट खर्चून जें होत नाहीं, तें शंभर मीटर चढून होतें.

नियंत्रकाला आणखी तीन गोष्टी शिकवाव्या लागतात. पहिली, वेळेचें बंधन. कोणाच्या हातून बटण चुकून दाबलेलें राहिलें, तर सारा मार्ग अडतो. म्हणून सुमारें तीन मिनिटांनंतर पुनःक्षेपकानें आपण होऊन गप्प बसावें. दुसरी, आपलें नांव सांगणें. सरकारनें दिलेली हांकेची खूण त्यानें ठराविक वेळानें मोर्सच्या कडकट्टांत उच्चारावी. तिसरी, परवलीचा स्वर. बोलणाऱ्याच्या आवाजाखालीं एक अतिमंद्र स्वर, उदाहरणार्थ सेकंदास ८८.५ कंपनांचा, सतत वाजत ठेवतात. तो ऐकल्यावांचून पुनःक्षेपक दार उघडीत नाहीं. त्यामुळें विजेच्या गडगडाटानें किंवा दूरच्या एखाद्या खरखरीनें तो उगाच जागा होत नाहीं.

यानंतर खडकी आणि दौंड वेगळीं करण्याचा प्रश्न राहतो. त्यासाठीं धातूचे उंच डबे वापरतात. प्रत्येक डब्यांत मध्यभागीं पाव लहरीएवढी, म्हणजे सुमारें अर्ध्या मीटरची दांडी असते, आणि ती किंचित् खालींवर करून डबा एका विशिष्ट लहरीशीं जुळवितां येतो. कांहीं डबे ऐकण्याच्या वाटेवर बसवून त्यांतून बोलण्याची लहर गाळतात, कांहीं बोलण्याच्या वाटेवर बसवून त्यांतून ऐकण्याच्या लहरीवरील गोंगाट गाळतात. असे सहा डबे नीट जुळविले, कीं एकाच एरियलवर तोंड व कान दोन्ही चालतात. डब्यांचा खर्च झेपत नसेल, तर दुसराही उपाय आहे. कान ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत ठेवावा आणि तोंड दोन मीटरांच्या पट्ट्यांत ठेवावें. दोहोंतील अंतर इतकें मोठें होतें, कीं साध्या गाळणीनें भागतें. मात्र मग प्रत्येकाच्या हातांतील यंत्र दोन पट्ट्यांचें असावें लागतें.

काम साधलें कीं नाहीं, हें ओळखण्याची रीत अगदीं सोपी आहे. एका मित्रास दूर पाठवून अत्यंत क्षीण आवाजांत बोलावयास सांगावें. प्रथम पुनःक्षेपकाचें तोंड बंद ठेवून कानाच्या यंत्रावर तें ऐकावें. मग तोंड उघडावें. तोंड उघडतांच मित्राचा आवाज खरखरींत बुडाला, तर कान आपल्याच तोंडानें बधिर झाला असें समजावें, आणि डबे, तारा, जोडण्या पुन्हां तपासाव्यात. बहुधा दोष एखाद्या स्वस्त केबलींत किंवा ढिल्या जोडणींत सांपडतो. ज्याचा आवाज मोठा आहे त्याला या बधिरपणाचा त्रास होत नाहीं. त्रास होतो तो दरींत अडकलेल्या, बॅटरी संपत आलेल्या माणसाला. म्हणून मोठ्या आवाजावर केलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे.

विजेचा हिशेब घरच्या हिशेबाइतकाच काटेकोर करावा. दोन्ही यंत्रें व नियंत्रक नुसतीं जागीं राहण्यास सुमारें एक अँपियर प्रवाह घेतात. बोलतांना त्यांत चार अँपियरांची भर पडते. संकटाच्या दिवशीं एक चतुर्थांश वेळ बोलणें चालेल असें धरलें, तर सरासरी दोन अँपियर होतात. म्हणजे दिवसास ४८ अँपियर-तास आणि तीन दिवसांस १४४. शिशाची बॅटरी अर्ध्याहून अधिक रिती करूं नये, हा नियम पाळला तर १५० अँपियर-तासांच्या दोन बॅटऱ्या लागतात. सौर पट्टीवर भिस्त ठेवावी म्हटलें, तर ज्या महिन्यांत पुनःक्षेपकाची गरज, त्याच महिन्यांत घाटमाथ्यावर सूर्याचें दर्शन दुर्मिळ. तेव्हां गांवची वीज आणि बॅटऱ्यांचा सांठा, हाच खरा आधार. सौर पट्टी ही केवळ पूरक.

जागेविषयीं दोन शब्द. लोहगड समुद्रसपाटीपासून १,००० मीटरांहून उंच आहे, आणि इशारतीस उंच जागा हवी हें आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होतें. १६६० सालीं महाराज विशाळगडावर पोहोंचल्याची खूण तोफांच्या आवाजानें घोडखिंडींत कळली, असें परंपरा सांगते. परंतु लोहगड हें संरक्षित स्मारक आहे. २०२५ सालीं तर मराठ्यांच्या इतर दुर्गांसह त्याची जागतिक वारशांत नोंद झाली. तेथें खांब रोवण्याचा विचारही मनांत आणूं नये. धरणाची भिंत व तिचा परिसर हाही परक्याच्या मालकीचा व पहाऱ्याचा. घाटाच्या कडेला, दोन्ही बाजूंस नजर पोहोंचेल अशी एखादी इमारत, मालकाची लेखी अनुमति, विजेपासून रक्षण करणारी भूमिगत तार, आणि वाऱ्याला पुरून उरेल असा खांब, एवढें साधलें तरी पुष्कळ झालें.

कायद्याची बाजूही तितकीच पक्की असली पाहिजे. हौशी केंद्र चालविण्यास परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना मिळवावा लागतो, आणि पुनःक्षेपकास निराळी मंजुरी लागते. १८८५ चा तार कायदा व १९३३ चा बिनतारी कायदा यांच्या जागीं यावा म्हणून २०२३ सालीं नवा दूरसंचार कायदा संमत झाला. परंतु आकाशलहरी वाटेल त्यानें वाटेल तशा वापरूं नयेत हें तत्त्व त्यांतही कायम आहे. भंगारांत मिळालेल्या यंत्रांत पूर्वीच्या मालकाच्या लहरी भरलेल्या असतात. त्या पोलिसांच्या किंवा रेल्वेच्याही असूं शकतील. त्या पुसून टाकल्याविना यंत्राचें बटण दाबूं नये. दुसऱ्याच्या मदतीसाठीं उभारलेलें साधन दुसऱ्याच्याच मदतीच्या आड येणें, यासारखें दुर्दैव नाहीं.

इतकें सारें झाल्यावरही सर्वांत कठीण गोष्ट उरतेच. पुनःक्षेपक उभा करणारांचा उत्साह पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकतो. नंतर कोणी बोलत नाहीं, कोणी ऐकत नाहीं. बॅटरींतील पाणी आटतें, जोडणींत गंज शिरतो, उंदीर केबल कुरतडतात, आणि ज्या रात्रीं कोणी दरींतून हांक मारतो, त्या रात्रीं माथ्यावरचा झीलकरी उत्तर देत नाहीं. यावर उपाय यंत्रशास्त्रांत नाहीं. तो हजेरींत आहे. आठवड्यांतून एक दिवस, ठरलेल्या वेळीं, प्रत्येक सभासदानें पुनःक्षेपकावर आपली खूण सांगावी. एकानें ती वहींत टिपावी. ज्याचा आवाज आला नाहीं त्याची चौकशी करावी. उन्हाळा संपण्यापूर्वीं बॅटऱ्या तपासाव्या, दसऱ्यास जोडण्या पुसाव्या. शस्त्रपूजेचा दिवस त्यासाठीं अयोग्य म्हणतां येणार नाहीं.

खर्च, परवाना, डबे आणि तारा या सर्वांचा शेवटचा हिशेब एका प्रश्नांत होतो. वलवणच्या माथ्यावर पाऊस कोसळत असतां खालच्या दरींतून एक क्षीण आवाज आला, तर तो ऐकण्यास कोणी जागा आहे काय? झीलकऱ्याचें मोठेपण त्याच्या गळ्यांत नसतें. तें त्याच्या कानांत असतें. ज्या गांवानें शंभर वर्षांपूर्वीं आपलें पाणी देऊन दूरच्या शहराचे दिवे लावले, त्या गांवच्या माथ्यावरून शेजारच्या दरींतील हांक पुढें पोहोंचावी, ही अपेक्षा फार मोठी नाहीं. दोन जुनीं यंत्रें, सहा डबे आणि आठवड्याची एक हजेरी, एवढ्यांत ती पुरी होण्यासारखी आहे.